रडार शिकायचे कुठून? एका जुन्या प्रश्नाचा आढावा

रडारवरची गाजलेली पाठ्यपुस्तके आणि अभ्यासक्रम शेजारी-शेजारी ठेवून सुरुवातीची पाने चाळली, तर विषय एकच आहे यावर विश्वास बसत नाही. एक पुस्तक मॅग्नेट्रॉन आणि मॉड्युलेटर उघडून दाखवते. दुसरे एक समीकरण मांडते आणि पुढची शेकडो पाने त्याच्या एकेका पदावर खर्च करते. तिसऱ्यात रडारचे नाव निघण्याआधी संभाव्यताशास्त्र येते. आणि एक अभ्यासक्रम म्हणतो, आधी कॉफीचे दोन रिकामे डबे आणा.

रडारची मूलतत्त्वे कोणती, यावर फारसा वाद नाही. ती कोणत्या क्रमाने शिकवावीत, कशावर भर द्यावा आणि हातात काय द्यावे, यावर मात्र गेली सत्तर-पंच्याहत्तर वर्षे मतभेद आहेत. पूर्वी हा प्रश्न मूठभर लोकांपुरता होता, कारण रडार शिकणारा म्हणजे लष्करातला तंत्रज्ञ किंवा संरक्षण प्रयोगशाळेतला अभियंता. आज चाकणच्या वाहन उद्योगात बंपरमागे 77 गिगाहर्ट्झचे रडार बसवणारा अभियंता आहे, वेधशाळेत ढगांची चित्रे वाचणारा हवामानतज्ज्ञ आहे, उपग्रहाच्या रडार-प्रतिमांवरून भातखाचरांचे क्षेत्र मोजणारी भूगोलाची विद्यार्थिनी आहे, आणि खोलीत शिरताच दिवा लागावा म्हणून स्वस्तातला सेन्सर जोडणारा हौशी मुलगाही आहे. या सगळ्यांना एकाच दारातून आत घ्यायचे की प्रत्येकाला वेगळे दार ठेवायचे, असा आजचा प्रश्न आहे.

ज्यावर वाद नाही

रेडिओ लहर सेकंदाला सुमारे 3 लाख किलोमीटर जाते. एक किलोमीटरवरच्या वस्तूवर आपटून परत यायला तिला साधारण 6.7 मायक्रोसेकंद लागतात. हा वेळ मोजला की अंतर कळले. रडारने सोडलेला लहरीचा छोटा तुकडा, म्हणजे पल्स, 1 मायक्रोसेकंदाची असेल तर ती हवेत 300 मीटर लांब पसरलेली असते. मग एकमेकींपासून 150 मीटरपेक्षा जवळ असलेल्या दोन वस्तू पडद्यावर एकच दिसतात. सेकंदाला 1000 पल्स सोडल्या, तर 150 किलोमीटरपलीकडून येणारा प्रतिध्वनी पुढची पल्स सुटून गेल्यावर पोचतो आणि लांबची वस्तू जवळ असल्याचा भास होतो.

दुसरी गोष्ट ऊर्जेची. लहर जाताना पसरते, परतताना पुन्हा पसरते; म्हणून विमानासारख्या एकट्या वस्तूकडून परत येणारी शक्ती अंतराच्या चौथ्या घाताने घटते. पल्ला दुप्पट करायचा तर शक्ती सोळापट लागते. उलट, शक्ती दुप्पट केली तर पल्ला जेमतेम 19 टक्क्यांनी वाढतो. खर्चाचा कागद पुढे ठेवून बसलेल्या कोणालाही हा आकडा पटकन समजतो.

तिसरी गोष्ट डॉपलरची: वस्तू हलत असेल तर परतलेल्या लहरीची वारंवारता बदलते. 3 सेंटिमीटर तरंगलांबीच्या रडारला ताशी 72 किलोमीटरने समोरून येणारी गाडी सुमारे 1,333 हर्ट्झचा फरक दाखवते. मूळ लहर 10 गिगाहर्ट्झची, म्हणजे हा फरक पंच्याहत्तर लाखांत एक इतका बारीक आहे. चौथी गोष्ट दिशेची: अँटेना जितका मोठा, झोत तितका अरुंद.

पाचवी गोष्ट निर्णयाची. रिसीव्हरमध्ये नॉइज कायम असतो. समोर आलेला उंचवटा वस्तूचा की नॉइजचा, हे कोणीतरी ठरवावे लागते. रडारच्या प्रत्येक प्रास्ताविकात दरीत मारलेल्या हाकेचा दाखला असतो. अंतराच्या मुद्द्यापुरता तो चोख आहे. पण हाक मारणाऱ्याला आपली हाक परत आली की नाही याची शंका नसते. रडारला ती शंका जवळजवळ नेहमी असते. पुढचे सगळे मतभेद या पाचव्या गोष्टीला कोणती जागा द्यायची, याभोवती फिरतात.

युद्धातली शाळा

कोलोनला 1904 मध्ये क्रिस्टियान हुल्समायरने ऱ्हाइन नदीवरची जहाजे रेडिओ लहरींनी ओळखून दाखवली होती. वस्तू आहे एवढे त्या यंत्राला कळे, किती दूर ते कळत नसे, आणि गिऱ्हाईकही मिळाले नाही. खरी सुरुवात इंग्लंडमध्ये डेव्हेंट्रीजवळ 26 फेब्रुवारी 1935 रोजी झाली. बीबीसीच्या शॉर्टवेव्ह केंद्राच्या लहरी हेफोर्ड विमानावरून परतताना रॉबर्ट वॉटसन-वॉट आणि अर्नोल्ड विल्किन्स यांनी पकडल्या. महायुद्ध पेटले तेव्हा ‘चेन होम’ ही किनाऱ्यावरची साखळी उभी होती.

या साखळीच्या पडद्यांसमोर बसणाऱ्यांत महिला हवाईदलातल्या तरुणी मोठ्या संख्येने होत्या. त्यांना मॅक्सवेलची समीकरणे कोणी शिकवली नव्हती. थरथरणाऱ्या रेघेतला कोणता उंचवटा विमानाचा आणि कोणता नुसताच नॉइजचा, हे नजरेने ओळखायला शिकवले होते. म्हणजे निर्णयाचा भाग त्या काळी माणसाच्या डोळ्यावर सोपवला होता. त्यामुळे पुस्तकात त्याला जागा देण्याची गरज भासली नाही.

बर्मिंगहॅममध्ये रँडल आणि बूट यांनी फेब्रुवारी 1940 मध्ये कॅव्हिटी मॅग्नेट्रॉन चालवून दाखवला आणि दहा सेंटिमीटरच्या लहरी दमदार शक्तीने निघू लागल्या. त्याच वर्षी ब्रिटनच्या टिझार्ड शिष्टमंडळाने तो अमेरिकेत नेला, आणि एमआयटीत रेडिएशन लॅबोरेटरी सुरू झाली. युद्ध संपताना तिथे सुमारे चार हजार माणसे होती. एमआयटीतच लष्कर आणि नौदलाच्या अधिकाऱ्यांसाठी वेगळी रडार शाळा चालवली गेली. तिच्या शिक्षकांनी लिहिलेले ‘प्रिन्सिपल्स ऑफ रडार’ पुढे बाजारात आले. त्या पुस्तकाची रचना यंत्राच्या भागांप्रमाणे आहे: दर्शक पडदे, रिसीव्हर, मॅग्नेट्रॉन, मॉड्युलेटर, वेव्हगाइड, अँटेना. वाचणाऱ्याला उद्या जहाजावर जाऊन बिघडलेले यंत्र दुरुस्त करायचे होते, हे लक्षात घेतले तर या रचनेत नाव ठेवण्यासारखे काही नाही. इंग्लंडमध्ये यॉट्सबरीच्या हवाईदलाच्या शाळेतही हाच खाक्या होता. तिथे काही काळ शिकवणाऱ्यांत पुढे विज्ञानकथाकार झालेला आर्थर सी. क्लार्क होता.

युद्धानंतर रेडिएशन लॅबोरेटरीने आपले सगळे ज्ञान 28 खंडांत छापून मोकळे केले. पहिला खंड लुई रायडनॉरने संपादित केला. ‘रडार सिस्टिम इंजिनिअरिंग’, 1947. त्या नावातच दृष्टी बदललेली दिसते. एकेका भागावरून लक्ष उठून संपूर्ण व्यवस्थेवर गेले होते.

समीकरणाची वाट

पुढची चाळीस-पन्नास वर्षे या वाटेचे राज्य होते. मेरिल स्कॉल्निकचे ‘इंट्रोडक्शन टू रडार सिस्टिम्स’ 1962 मध्ये आले. 1980 आणि 2001 मध्ये त्याच्या सुधारित आवृत्त्या निघाल्या. भारतातल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या विद्यार्थ्यांच्या दोन-तीन पिढ्यांनी रडार म्हणून जे काही वाचले ते याच पुस्तकातून किंवा त्यावरून काढलेल्या नोट्समधून. सुरुवातीलाच रडार समीकरण: प्रक्षेपणाची शक्ती, अँटेनाचा लाभ, तरंगलांबी, वस्तूचे रडार-क्षेत्रफळ, अंतराचा चौथा घात, रिसीव्हरचा नॉइज. मग प्रत्येक पदावर एकेक प्रकरण.

या पद्धतीची ताकद म्हणजे हिशेब. कोणतेही रडार समोर आले की ते किती लांब पाहील याचा अंदाज कागदावर काढता येतो, आणि कोणती गोष्ट वाढवली तर पैसे वाया जातील हेही कळते. अभियंत्याला रोज हेच करायचे असते.

आक्षेप दोन आहेत. पहिला असा की समीकरण पाठ होते आणि त्यामागची अट विसरली जाते. परीक्षेत चौथा घात लिहून आलेला विद्यार्थी हवामानाच्या रडारपाशी येतो आणि तिथे घात दोनच निघतो. पाऊस ही एकटी वस्तू नाही. झोत जितका लांब जातो तितका रुंद होतो आणि त्यात तितके जास्त थेंब येतात, म्हणून परतीच्या घटीतला काही भाग भरून निघतो. हे एकदा समजले की समीकरणही नीट समजते, पण बहुतेकांना ते नोकरी लागल्यावर समजते. दुसरा आक्षेप असा की या हिशेबात शेवटी ‘किमान ओळखता येण्याजोगा सिग्नल’ नावाचे एक पद येते आणि ते निमूटपणे दिलेले धरले जाते. स्कॉल्निकने त्यावर सविस्तर लिहिले आहे. वर्गात मात्र त्या पानांपर्यंत पोचायच्या आत सत्र संपते.

संभाव्यतेची वाट

हा दुसरा आक्षेपच काहींनी सुरुवातीचा बिंदू मानला. अमेरिकेतल्या आरसीए कंपनीत डी. ओ. नॉर्थने 1943 मध्येच दाखवले होते की नॉइजमधून ठराविक आकाराची पल्स ओळखण्याचा सर्वोत्तम मार्ग म्हणजे त्या आकाराशी जुळवलेला फिल्टर. जे. आय. मार्कमने 1947 मध्ये रँड या संशोधन संस्थेसाठी पल्स रडारच्या ओळख-संभाव्यतेचा पाया घातला, आणि पीटर स्वर्लिंगने 1954 मध्ये चमक बदलणाऱ्या लक्ष्यांचे हिशेब मांडले. इंग्लंडमध्ये फिलिप वुडवर्डचे 1953 चे छोटेसे पुस्तक संभाव्यतेपासून सुरू होऊन रडारकडे येते. रडारने समोरच्या जगाबद्दल किती माहिती मिळवली, हाच त्याचा प्रश्न होता. पुढे लेव्हानॉन, रिचर्ड्स यांच्या पुस्तकांनी ही परंपरा सिग्नल प्रोसेसिंगच्या भाषेत नेली.

यात हाती काय लागते ते एका साध्या हिशेबाने दिसते. 1 मायक्रोसेकंदाच्या पल्ससाठी रिसीव्हरची बँडविड्थ साधारण 1 मेगाहर्ट्झ ठेवावी लागते. म्हणजे रडार सेकंदाला सुमारे दहा लाख वेळा स्वतःला विचारते: इथे काही आहे का? प्रत्येक वेळी चुकून ‘आहे’ म्हणण्याची शक्यता दहा लाखांत एक ठेवली, तरी दर सेकंदाला एक खोटा इशारा मिळतो. पडद्यापुढे बसलेला माणूस तासाभरात वैतागेल. शक्यता शंभरपट कमी केली तर दीड-दोन मिनिटांनी एक खोटा इशारा येईल, पण त्यासाठी ‘आहे’ म्हणण्याची रेषा वर सरकवली की कमजोर प्रतिध्वनी देणारी खरी वस्तूही निसटू लागते. एका पल्सवर 90 टक्के खात्रीने वस्तू पकडायची आणि दहा लाखांत एकच चूक करायची, तर सिग्नल नॉइजच्या सुमारे 13 डेसिबल, म्हणजे वीसपट, वर असावा लागतो. समीकरणात ‘किमान सिग्नल’ म्हणून जे पद दडलेले असते, ते असे चुकांच्या सौद्यातून येते.

विरोधी बाजूचे म्हणणेही रास्त आहे. संभाव्यता-वितरणे, सहसंबंध, संमिश्र संख्या हे सगळे पक्के असलेला विद्यार्थी दुसऱ्या-तिसऱ्या वर्षात मिळत नाही. तो सिग्नलच्या ‘आय’ आणि ‘क्यू’ या, एकमेकींपासून पाव फेरी सरकलेल्या, दोन वाहिन्यांपाशीच अडतो, आणि रडार म्हणजे अवघड गणिताचा पेपर अशी त्याची समजूत होते. शिवाय या वाटेने गेलेल्यांना अँटेना म्हणजे केवळ एक आकडा वाटतो. वेव्हगाइडचा सांधा ढिला झाला तर काय होईल, हे त्यांना सांगता येत नाही.

डब्यांची वाट

एमआयटीच्या लिंकन लॅबोरेटरीतल्या ग्रेगरी शार्व्हाट आणि सहकाऱ्यांनी जानेवारी 2011 मध्ये एक छोटा अभ्यासक्रम घेतला. प्रत्येक गटाने सुमारे 360 डॉलरच्या सुट्या भागांतून 2.4 गिगाहर्ट्झचे रडार स्वतः जुळवायचे. अँटेना म्हणून कॉफीचे दोन डबे, वीज पेन्सिल सेलवर, आणि परतलेला सिग्नल थेट लॅपटॉपच्या माइकच्या छिद्रात. ही सामग्री एमआयटीने सर्वांसाठी खुली ठेवली. त्याच संस्थेची रॉबर्ट ओ’डॉनेल यांची रडारवरची व्याख्यानेही खुली आहेत, ती समीकरणाच्या वाटेने जातात.

साउंड कार्डवर रडार चालते कसे, यातच या पद्धतीची गंमत आहे. हे रडार पल्स सोडत नाही; 20 मिलिसेकंदांत वारंवारता 80 मेगाहर्ट्झने वर चढवत नेते. समोर 30 मीटरवर भिंत असेल तर तिथून परतलेली लहर 0.2 मायक्रोसेकंद जुनी असते, आणि तेवढ्या वेळात पाठवली जाणारी वारंवारता 800 हर्ट्झने पुढे सरकलेली असते. दोन्ही एकत्र मिसळल्या की 800 हर्ट्झचा सूर निघतो. तो कानाने ऐकू येतो. लांबची भिंत उंच सूर देते, जवळची खर्ज. अंतराची मोजणी अशी आवाजात बदलली की मायक्रोसेकंद मोजणारी महागडी यंत्रे लागत नाहीत.

डॉपलर शिकवायला त्याहून स्वस्त सोय आहे. 10.525 गिगाहर्ट्झचे एचबी-100 नावाचे मॉड्यूल काही शे रुपयांत मिळते. त्याच्यासमोर माणूस सेकंदाला एक मीटर या चालीने आला की सुमारे 70 हर्ट्झचा सिग्नल मिळतो. फार क्षीण असतो, ॲम्प्लिफायर जोडावा लागतो. मग विद्यार्थ्याला सांगावे, आता पाठ फिरवून तितक्याच वेगाने दूर जा. ऑसिलोस्कोपवर पुन्हा तेच 70 हर्ट्झ. येतोय की जातोय हे मॉड्यूल सांगू शकत नाही, कारण त्याला एकच वाहिनी आहे. आय आणि क्यू अशा दोन वाहिन्या का लागतात, हे फळ्यावर तासभर घेतल्याने जे साधत नाही ते या चालण्याने साधते.

(इथे कॉलेजांच्या प्रकल्प-प्रदर्शनांतल्या ‘अर्डुइनो रडार’चा उल्लेख केला पाहिजे. सर्वो मोटरवर फिरणारा अल्ट्रासॉनिक सेन्सर आणि पडद्यावर हिरवा पंखा. ते रडार नाही, ध्वनी आहे. एक मीटरवरून परतायला त्याला सुमारे 5.8 मिलिसेकंद लागतात, रेडिओ लहरीला 6.7 नॅनोसेकंद. वेळेवरून अंतर काढणे एवढे एक तत्त्व त्यातून कळते. परीक्षकांनी तेवढेच गुण द्यावेत.)

या वाटेवरची टीका अशी की जोडणी यशस्वी झाली म्हणजे विषय समजला, असा समज होतो. वारंवारता सरकवणाऱ्या रडारमध्ये पल्स रडारच्या कितीतरी अडचणी दिसतच नाहीत: पल्स सुटत असताना रिसीव्हर आंधळा असणे, दूरच्या वस्तू जवळ भासणे, एकाच अँटेनाने पाठवायचे आणि ऐकायचेही. डबे घेऊन बसलेला विद्यार्थी या गोष्टींना भेटतच नाही. शिवाय कोणता पट्टा परवान्याशिवाय वापरता येतो हे आधी पाहावे लागते. गूगलने 2019 मध्ये पिक्सेल 4 हा फोन भारतात आणलाच नाही, कारण त्यातल्या सोली रडारचा 60 गिगाहर्ट्झचा पट्टा इथे मोकळा नव्हता.

चित्रांची वाट

आज रडार शिकणाऱ्यांतला मोठा वर्ग यंत्राला कधी हात लावणार नाही. त्याच्यासमोर यंत्राने काढलेले चित्र येते. युरोपच्या सेंटिनेल-1 उपग्रहाच्या प्रतिमा 2014 पासून फुकट मिळतात. नासा आणि इस्रोचा निसार 30 जुलै 2025 रोजी श्रीहरिकोटाहून गेला. एल आणि एस अशा दोन पट्ट्यांत तो दर 12 दिवसांनी त्याच जमिनीवर येतो आणि त्याची माहितीही खुली आहे. पुराच्या दिवसांत ढगांखाली साधा उपग्रह-कॅमेरा निरुपयोगी होतो; रडारला ढग आड येत नाहीत. सपाट पाणी लहर दुसरीकडे परावर्तित करते म्हणून प्रतिमेत काळे दिसते, आणि कृष्णेचे पाणी कुठवर चढले त्याची सीमा काढता येते. ही वाट पत्करणारे म्हणतात, आधी चित्र वाचायला शिकवा, मग ते कसे निघाले ते सांगा.

त्यांची बाजू हवामानाच्या रडारवरून चांगली कळते. भारतीय हवामान विभागाचे पहिले डॉपलर रडार 2002 मध्ये चेन्नईला बसले. सांताक्रूझला 26 जुलै 2005 रोजी 944 मिलिमीटर पाऊस पडला तेव्हा मुंबईत डॉपलर रडार नव्हते. आता कुलाब्याला एस पट्ट्याचे आणि वेरावलीला सी पट्ट्याचे रडार आहे, पणजी आणि नागपूरलाही आहेत. विभागाच्या संकेतस्थळावर त्यांची चित्रे कोणालाही पाहता येतात.

तिथले वाऱ्याच्या वेगाचे चित्र उघडावे. रडारकडे येणारा वारा एका रंगछटेत, दूर जाणारा दुसऱ्या. रंग हळूहळू बदलत गेले पाहिजेत. पण जोरदार वादळात एके ठिकाणी सर्वांत तीव्र ‘येणारा’ रंग थेट सर्वांत तीव्र ‘जाणाऱ्या’ रंगाला भिडलेला दिसतो. वारा तिथे उलटलेला नसतो. रडारची मोजपट्टी संपलेली असते. दोन पल्समधल्या वेळात लहरीची कला (फेज) किती सरकली यावरून वेग निघतो, आणि ती अर्ध्या फेरीपेक्षा जास्त सरकली की उलट दिशेचा भास होतो. पल्स भराभर सोडल्या तर हा घोळ टळतो, पण मग लांबचे ढग जवळ दिसू लागतात. दोन्ही मर्यादांचा गुणाकार तरंगलांबीने बांधलेला आहे. 10 सेंटिमीटरच्या, म्हणजे एस पट्ट्याच्या, रडारने 250 किलोमीटरपर्यंत निःसंदिग्ध पाहायचे ठरवले तर सेकंदाला 15 मीटरपर्यंतचाच वेग सरळ मोजता येतो. जून 2020 मधल्या निसर्ग वादळाचे वारे ताशी 120 किलोमीटरच्या, म्हणजे सेकंदाला 33 मीटरच्या घरात होते; तेवढा वेग सरळ मोजायचा तर पल्ला 115 किलोमीटरच्या आत येतो. निम्म्या तरंगलांबीच्या सी पट्ट्याच्या रडारला हीच मर्यादा निम्म्यावर. यातून वाट काढण्यासाठी पल्समधले अंतर आलटून-पालटून बदलतात आणि संगणकाकडून रंग उलगडून घेतात.

पल्सची वारंवारता, डॉपलर, तरंगलांबी आणि पल्ला ही चार सुटी प्रकरणे या एका चित्रात एकमेकांना बांधलेली दिसतात. म्हणूनच मला ही वाट समजली जाते त्यापेक्षा भक्कम वाटते. तिचा धोका वेगळा आहे. चित्र वापरणारा चित्रावर विश्वास ठेवतो. थेंबाचा व्यास दुप्पट झाला की प्रतिध्वनी 64 पट होतो, त्यामुळे रडारच्या आकड्यावरून पाऊस काढायचे सूत्र थेंब कसे आहेत यावर अवलंबून असते. मार्शल आणि पामर यांचे 1948 चे सूत्र सह्याद्रीच्या घाटावर जसेच्या तसे चालेल असे नाही. शिवाय 200 किलोमीटरवर पोचेतो, अर्धा अंश वर रोखलेला झोत पृथ्वीच्या गोलाईमुळे जमिनीपासून चार किलोमीटर उंच गेलेला असतो. खालच्या ढगांचा पाऊस त्याला दिसतच नाही. चित्रात ती जागा कोरी असते, आणि नवशिका ती कोरडी समजतो.

अजून न सुटलेले

सॉफ्टवेअरवरच्या नकली रडारने खऱ्या यंत्राची जागा घ्यावी का, हा वाद कोविडनंतर तीव्र झाला. मॅटलॅबवर शंभर लक्ष्ये उडवता येतात, पण नॉइज आपण घालू तेवढाच आणि तसाच येतो. खऱ्या यंत्रात तो पंख्याचा, मोबाइलचा, शेजारच्या वाय-फायचा येतो. दोन्ही हवेत, एवढे सगळे मान्य करतात. प्रमाण ठरत नाही.

कृत्रिम बुद्धिमत्तेचा प्रश्न त्याहून अवघड. खोट्या इशाऱ्यांचा दर स्थिर ठेवणारी पद्धत, जिची मांडणी फिन आणि जॉन्सन यांनी 1968 मध्ये केली, आजही बहुतेक रडारांत चालते. तिची चूक कुठे होईल हे आधी सांगता येते. शिकवलेले न्यूरल जाळे तिच्यापेक्षा अनेकदा चांगले ओळखते, पण खोट्या इशाऱ्याची हमी कागदावर काढता येत नाही. मग मार्कम-स्वर्लिंग शिकवण्यात वेळ घालवायचा का? वाहन उद्योगातले काही जण नाही म्हणतात. हवाई वाहतूक आणि संरक्षणातले लोक हो म्हणतात, आणि त्यांच्या म्हणण्याला अपघात-चौकशीचे वजन आहे.

संरक्षणाच्या रडारांचे तपशील उघड नसतात, त्यामुळे वर्गातली उदाहरणे जहाज, गाडी आणि ढग यांचीच राहतात. आपल्याकडे याला काही उपाय उघड्यावरच आहेत. मुंबईच्या समीर या संस्थेने उभारणीत मोठा वाटा उचललेले, तिरुपतीजवळच्या गडंकीचे 53 मेगाहर्ट्झचे रडार 1024 यागी अँटेनांचे आहे. ते वातावरणाच्या निरभ्र थरांवरून परतणारे प्रतिध्वनी पकडते, आणि झोत वळवण्यासाठी त्यात काहीही हलत नाही. टप्प्याटप्प्याने कला बदलून झोत कसा वळतो, हे समजावायला याहून मोठे उदाहरण कशाला हवे? तरी ते आपल्या पाठ्यपुस्तकांत क्वचित येते.

आपल्याकडच्या अभियांत्रिकी अभ्यासक्रमात रडार बहुधा मायक्रोवेव्हच्या विषयातले एखादे प्रकरण किंवा शेवटच्या वर्षाचा ऐच्छिक पेपर असतो. एनपीटीईएलवर आयआयटी खरगपूरचा अभ्यासक्रम आहे, तो चांगला आहे. पण तो पाहणाऱ्याला यंत्र मिळत नाही आणि यंत्र असलेल्या प्रयोगशाळेत वीस वर्षांपूर्वीचा क्लायस्ट्रॉनचा बाक असतो.

माझा कल सांगायचा तर चारही वाटांना एकाच गोष्टीची जोड हवी आहे: नॉइजमधून निर्णय घेणे. ते सगळीकडे शेवटी येते आणि बहुतेक ठिकाणी राहून जाते. ते पहिल्या महिन्यात आणण्यासाठी मार्कमचे गणित लागत नाही. विभागप्रमुखांना एवढीच विनंती आहे की परवानामुक्त पट्ट्यातले एक साधे मॉड्यूल आणा, ते मोकळ्या मैदानाकडे रोखा, समोर कोणीही नसताना दहा मिनिटे सिग्नल साठवा. विद्यार्थ्यांना रेषा कुठे आखायची ते स्वतः ठरवू द्या, आणि त्या दहा मिनिटांत किती खोटे इशारे आले ते मोजायला लावा. मग त्यांच्यातल्याच एकाला मैदानात चालायला सांगा आणि त्याच रेषेने तो किती वेळा निसटला तेही मोजा. प्रयोगवहीत या दोन आकड्यांसाठी दोन रकाने लागतात.